सुवर्णवचन आणि कापसाची खोली

मागच्या नाताळच्या कार्यक्रमात आमचा मधला पोरगा हरवला. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. चर्चमध्ये माइकवरून एकेका लेकराचं नाव पुकारणं चालू होतं, सुवर्णवचन, म्हणजे पाठ केलेलं बायबलचं वचन, म्हणायला. त्याचं नाव आलं, परत आलं, आणि बाकावरची त्याची जागा रिकामी. पाळकसाहेब माझ्याकडे बघतात, मी यांच्याकडे, आणि हे छताकडे.

सापडला तो घरी, पुढच्या खोलीत. डिसेंबरात आमची पुढची खोली म्हणजे कापसाची खोली. भाव वाढेल या आशेवर कापूस खिडकीपर्यंत भरून ठेवलेला. त्यात हा नव्या शर्टासकट गळ्यापर्यंत शिरून बसला होता. साठवलेल्या कापसात बसलं की अंगाला कशी खाज सुटते, ते विदर्भातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. मान लालबुंद, हातावर पुरळ, तरी पोरगा बाहेर यायला तयार नाही. "मले नाही म्हणायचं," एवढंच. खाजवत होता आणि तेच तेच म्हणत होता.

वचन त्याला पाठ होतं. तीन आठवडे मीच रोज रात्री समोर बसवून घोकून घेतलं होतं. त्याला काय हवं ते मी विचारलंच नव्हतं. सिस्टरबाईची लेकरं कशात कमी नाहीत, हे मला चारचौघांत दिसायला हवं होतं. त्या रात्री मी त्याचा दंड धरून ओढलं. यांनी माझा हात सोडवला. "काहून मागे लागून राह्यली त्याच्या? येशूचा जन्म त्याच्या पाठांतरासाठी थांबला नाही ना बाप्पा."

मी केळापूर तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात एएनएम, म्हणजे नर्स आहे. लसीकरणाच्या दिवशी दीड, अडीच, साडेतीन महिन्यांची लेकरं येतात. पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लस, तिचा डोस अर्धा मिली, डाव्या मांडीत. सरपंचाच्या नातवाला तेवढाच आणि मजुरणीच्या पोरीला तेवढाच. पण धरायची रीत प्रत्येकाची निराळी. एखादं लेकरू आईच्या छातीशी घट्ट धरलं की निवांत राहतं. दुसरं घट्ट धरलं की पिसाळतं, त्याला जरा मोकळं ठेवून किल्ल्यांचा जुडगा वाजवून दाखवावा लागतो. हे मला कुणी ट्रेनिंगमध्ये शिकवलं नाही, हातानं शिकले.

आणि वजनाचा तक्ता. "माह्या जावेच्या पोराचं वजन जास्त कसं?" हे आया हमखास विचारतात. माझं उत्तर ठरलेलं: त्याच्याकडे नका बघू, तुमच्या बाळाची स्वतःची रेघ वर चालली आहे ना, ते बघा. रेघ आडवी झाली तर मात्र लगेच माझ्याकडे या. हे मी किती बायकांना सांगितलं असेल, हिशेब नाही. आणि घरी येऊन तिन्ही लेकरं एकाच पायलीनं मोजत होते.

पायली माहेरची. माझे वडील यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात, स्वयंपाकी होते. 1983 मध्ये सेमिनरी पुण्याला गेली, वडील गेले नाहीत. मी तेव्हा दोन वर्षांची. तिथून त्यांनी दोन गोष्टी घरी आणल्या: शंभर माणसांचा भात बुडाला लागू न देण्याची युक्ती, आणि पाटीवर रंगानं लिहिलेलं बायबलचं एक वचन, नीतिसूत्रे 22:6. पाटी दारावर होती आणि तिच्या खाली खुंटीला छडी. आम्ही पाच भावंडं. चूक एकाची असो की पाचांची, छडी पाचांना. माझी आई याला न्याय म्हणायची. तिच्यावर राग नाही माझा. पाच पोटं आणि एक पगार, तिला कुठला वेळ कोणाचा स्वभाव बघायला?

गंमत म्हणजे त्या वचनाचे पहिले शब्दच मी कधी नीट वाचले नव्हते. आपल्या मराठी बायबलात ते "मुलाच्या स्थितीस अनुरूप असे शिक्षण त्याला दे" असं आहे. आम्ही फक्त "शिक्षण दे" ऐकलं. कापसाच्या प्रकरणानंतर पाळकसाहेब घरी चहाला आले तेव्हा त्यांनी सांगितलं की मूळ हिब्रूत शब्दशः "त्याच्या वाटेप्रमाणे" असं आहे. यावर पंडितांचं एकमत नाही, कुणी ती वाट म्हणजे योग्य वाट असं धरतात, हेही सांगितलं. मला एकमत नसलेलंच बरं वाटलं.

थोरलीचं तर उलटंच. तिला गप्प बसवणं मुश्कील. एका संध्याकाळी प्रार्थनेला बायबलातल्या उत्पत्तीचा चौथा अध्याय वाचला, आदामाच्या मुलांचा, काइन आणि हाबेलचा, आणि हिनं विचारलं, "काइनाचं अर्पण देवानं काहून नाही घेतलं? त्यानं शेतातलंच तर आणलं होतं. पप्पाही कापणीच्या सणाला शेतातलंच नेतात." हे गप्प. सासूबाई म्हणाल्या, पोरीच्या जातीनं इतकं तोंड चालवू नये. आणि मी, दिवसभराचा सर्व्हे करून आलेली, तिच्या गालावर एक ठेवून दिली. देवाचं वाचन चालू असताना.

त्यानंतर दोन महिने तिनं एक प्रश्न विचारला नाही. वेळेवर बसायची, वेळेवर आमेन म्हणायची. सासूबाई खूश, पोरगी सुधारली म्हणून. मला मात्र तक्त्यातली आडवी रेघ दिसत होती.

"मुलांना चिरडीस आणू नका" असं पौलानं इफिसकरांना लिहिलं. सुरुवात "बापांनो" अशी आहे, म्हणून आम्ही आया त्यातून सुटलो असं मी समजत आले होते. शेवटी एक दिवस स्वयंपाक करता करता मीच तिला म्हटलं, काइनाचं मलाही कळलं नाही, चल बघू. दोघींनी इब्री लोकांस पत्रातला अकरावा अध्याय काढला, तिथं विश्वासाचं म्हटलं आहे. तिचं समाधान झालं नाही. पोळी करपली. पण वाद घालताना तिचे डोळे परत पहिल्यासारखे चमकत होते.

म्हणजे लाड का? सासूबाईंचा हाच सवाल असतो. नाही. धाकटीनं दानपेटीत टाकायला दिलेल्या वीस रुपयांच्या गोळ्या खाल्ल्या आणि टाकले म्हणून सांगितलं, तेव्हा ते वीस रुपये तिच्या गल्ल्यातून पुढच्या रविवारी पेटीत गेलेच. खोटं तिघांनाही माफ नाही. तो डोस अर्धा मिलीच. फक्त धाकटीला नुसतं बघितलं तरी ती रडून मोकळी होते, थोरलीला कारण पटवावं लागतं, आणि मधल्याला संध्याकाळपर्यंत एकटं सोडावं लागतं, मग तो आपणहून येऊन सांगतो. धाकटी माझी लाडकी आहे हेही कबूल करते. गाते, गळ्यात पडते, सोपी आहे. बायबलातल्या इसहाकाला शिकारीचं मांस आवडायचं म्हणून जुळ्या मुलांतला एसाव आवडायचा, त्याच्या बायकोला, रिबकेला, याकोब. त्या घराचं पुढं काय झालं ते वाचलेलं असूनही.

या नाताळला मधल्याचं नाव मी यादीत दिलं नाही. बाकीच्या बायका विचारतील, आणि मला वाईट वाटेल, हे आत्ताच माहीत आहे. त्यानं कामट्यांचा तारा बांधायचं कबूल केलं आहे, पण वर चढवायला आपण नाही, पप्पा चढतील, असं म्हणतो.

परवा त्याची काळी शेळी ओला हरभरा खाऊन फुगली. रात्री प्रार्थनेला मी नेहमीसारखं विचारलं, आज कोण करणार? आणि यानं पहिल्यांदा डोळे मिटले. "प्रभू, काळीचं पोट उतरू दे. आमेन."

मी अजून डोळेही मिटले नव्हते. तोवर तो गोडेतेलाची बाटली आणि टॉर्च घेऊन गोठ्यात पोचला होता, आणि थोरली त्याच्या मागे ओरडत गेली, "पण तिले सोडलं कोणं, ते सांग ना आधी!"