भाताच्या ताडपत्रीपलीकडं बॉल जाऊ द्यायचा नाही

शनिवार

सुगी आली की शाळेच्या मैदानावरचा आमच्या फुटबॉलचा वाटा निम्म्यावर येतो. आज गेलो तर पिंपळाकडची सगळी बाजू ताडपत्र्यांनी अडवलेली. रात्रभर झाकून ठेवलेलं भात आज्जी आणि त्यांची सून पायानं पसरायला लागल्या होत्या. गवतावर दहिवर तसंच, राजहंसगड धुक्यात गुडूप, आणि पोरं मात्र माझ्या आधी हजर. मागचा शनिवार एक नोव्हेंबरमुळं बुडाला होता. त्या दिवशी बेळगाव शहरात एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडं सीमाभागातल्या मराठी लोकांच्या काळ्या दिनाची सायकल फेरी, म्हणून सराव ठेवतच नाही. त्यामुळं आज सगळ्यांच्या पायात दुप्पट वारं भरलेलं.

"मास्तर, बॉल हिकडं आला तर मी परत देणार न्हाई. आधीच सांगून ठेवते."

आज्जींनी असं म्हटल्यावर मला वेगळं काही सांगावं लागलं नाही. एरवी "बॉल पायाजवळ ठेवा रे" म्हणून मी घसा कोरडा करतो. पोरं ऐकतात, मान हलवतात आणि पुन्हा बॉलला लाथ घालून त्याच्या मागं पळत सुटतात. आज तसं करून चालणार नव्हतं. लाथ घातली की बॉल भातात आणि भातात गेला की जप्त.

दुसरीतली एक मुलगी आहे, थोरल्या भावाचे शूज घालून येते. पुढं बोटांशी कापड कोंबलेलं असतं. ती बॉल घेऊन पळत ताडपत्रीच्या दिशेनं गेली, बॉल जरा पुढं निसटला. तिनं पुढचा पाय उचलला, तळवा बॉलवर ठेवला आणि तसाच मागं ओढला. बॉल तिच्या दोन्ही पायांच्या मधून मागं आला, तीही गर्रकन वळली आणि उलट्या दिशेनं पळाली. कोचिंगच्या भाषेत याला ड्रॅग बॅक म्हणतात. मी तो तिला शिकवलेला नाही. वळून झाल्यावर तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, आज्जींकडं पाहिलं.

मग मी एवढंच केलं, की ताडपत्रीच्या अलीकडं काही पावलांवर फक्कीची रेघ मारली. समोरून बॉल घेऊन यायचं, जमेल तेवढ्या जोरात, आणि रेघेच्या जितक्या जवळ जमेल तितक्या जवळ बॉल तळव्याखाली थांबवायचा. रेघ ओलांडली तर परत पहिल्यापासून. अर्धा तास यातच गेला, कुणालाही कंटाळा आला नाही.

बॉलबद्दल एक नोंद करून ठेवतो, कारण कुठले ना कुठले पालक विचारतातच. मोठ्यांच्या मॅचचा बॉल पाच नंबरचा. परीघ ६८ ते ७० सेंटीमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम. सात वर्षांच्या पोराच्या पायाला तो झेपत नाही. त्याला तीन नंबर द्यावा, आठ-नऊच्या पुढं बारापर्यंत चार नंबर. "पुढं मोठा होणारच आहे की" म्हणून लोक शाळेच्या गणवेशासारखा बॉलही दोन मापं मोठा आणतात. मग पोरगं पायाच्या आतल्या बाजूनं बॉल हळूच सरकवायचं सोडून चवड्यानं ठोसे मारायला शिकतं, आणि ती सवय जाता जात नाही. शिवाय आमची तांबडी माती पावसाळा सरला की लोखंडासारखी होते, बॉल टप्प्याटप्प्यानं उडतो. म्हणून नोव्हेंबरपासून मी हवा जरा कमी ठेवतो. अंगठ्यानं दाबलं तर थोडा आत गेला पाहिजे.

रविवार

आज विषामृत, बॉलसकट. चौकोन आखून घेतला, प्रत्येकाच्या पायाशी एकेक बॉल, विष दोघांकडं. विषवाल्यांनाही बॉल घेऊनच पळायचं, नाहीतर ते नुसते सुसाट सुटतात आणि खेळ दोन मिनिटांत आटोपतो. विष लागलं की जागच्या जागी थांबायचं, पाय फाकवून, बॉल दोन्ही हातांनी डोक्यावर. अमृत द्यायचं असेल तर दुसऱ्यानं आपला बॉल त्याच्या पायांमधून पलीकडं घालायचा आणि पळत जाऊन स्वतःच परत पकडायचा.

या खेळात मान वर करावीच लागते. बॉलकडंच बघत बसलं तर विष कुठून आलं ते कळत नाही आणि कोण अडकलंय तेही दिसत नाही. "मान वर, मान वर" असं ओरडून जे होत नाही ते इथं आपोआप होतं. एक क्षण बॉल, एक क्षण माणसं, पुन्हा बॉल. डोळ्यांची ही ये-जा म्हणजे निम्मं ड्रिब्लिंग.

कन्नड शाळेतली पोरं यंदा वाढली आहेत. विष लागलेला एकजण "बा, बा, इल्ली बा!" म्हणून बोंबलत होता आणि आमची तिसरीतली मुलं त्याच्याकडं धावत होती. उलट बाजूनं "अमृत दे की रे!" सुरूच. मला कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

बाद करण्याचे खेळ मात्र मी चालू देत नाही. सगळ्यांनी चौकोनात बॉल सांभाळायचा, दुसऱ्याचा बाहेर घालवायचा, ज्याचा गेला तो बाहेर बसला, हा प्रकार सगळीकडं चालतो आणि पोरांना आवडतोही. पण पहिल्यांदा बाहेर कोण बसतं? ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज आहे तोच. ज्याला येतं तो शेवटपर्यंत खेळतो, ज्याला येत नाही तो मातीत काडीनं रेघोट्या ओढत बसतो. म्हणून आमच्याकडं बॉल बाहेर गेला तर बाहेरच उभ्या उभ्या बॉलवर आलटून पालटून दोन्ही तळवे टेकवायचे, वीस मोजायचे आणि परत आत. वीस मोजताना पोरं बारानंतर एकदम अठरावर जातात. जाऊ देतो.

डोंगर का पाणी शेवटी पाच मिनिटं घेतलं. पाणी म्हटलं की बॉल तळव्याखाली दाबून धरायचा, डोंगर म्हटलं की बॉलसकट पिंपळाच्या पाराकडं पळायचं. दमवायला बरं, याच्यापेक्षा जास्त काही नाही.

कंपाउंडच्या भिंतीवर एक वडील बसलेले असतात. माणूस मनानं चांगला. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या संघांच्या मॅचला ओरडून घसा बसवून घेतलेला. त्यामुळं इथंही गप्प बसवत नाही. "पास दे की रे! एकटाच काय घेऊन बसलायस?" पोरगं साडेसहा वर्षांचं. बापाचा आवाज ऐकला की गडबडतं, मान खाली घालतं आणि बॉल कुठं तरी भिरकावून मोकळं होतं. मी भिंतीपाशी गेलो, चहाचं निमित्त काढलं. म्हटलं, दादा, त्याला दोन वर्षं एकट्यालाच घेऊन बसू दे.

त्यांना पटलं असं वाटत नाही. माझं मत मात्र पक्कं आहे. सहा-सात वर्षांचं पोर दुसरा कुठं उभा आहे, कुठं जाणार आहे याचा हिशोब करू शकत नाही, त्याला स्वतःचे पाय आणि बॉल एवढंच जग पुरतं. त्या वयात सगळे बॉलभोवती घोळका करतात, करू द्यावा. घोळक्यातून बॉल घेऊन बाहेर कसं पडायचं हे घोळक्यातच शिकतात. पास दहा-अकराव्या वर्षी शिकवता येतो आणि पटकन येतो. पण समोर माणूस दिसला की त्याच्या अंगावर बॉल घेऊन जायची जी खोड असते ती सातव्या वर्षी मोडली, तर पंधराव्या वर्षी कुणी कितीही शिकवलं तरी परत बसत नाही. आमच्या भागातल्या मोठ्या पोरांच्या मॅचेस बघा. बॉल आला की दिला, आला की दिला. समोरच्याला चकवून जाणारा अकरात एखादाच.

बुधवार, रात्री

उद्यमबागेतल्या कारखान्यातली दुसरी पाळी सुटली, जेवून बसलो. झोप येत नाही, तर लिहितो.

एका आईनं विचारलं होतं, पोराचा एक पाय चालताना जरा आत वळतो, खेळवू का नको. डॉक्टरला दाखवा, त्यांनी हो म्हटलं तर बिनधास्त पाठवा, असं सांगितलं. वर गारिंचाची गोष्ट सांगितली. ब्राझीलचा हा गडी, दोन्ही पाय वाकडे, एक दुसऱ्यापेक्षा आखूड. १९५८ आणि १९६२ असे दोन वर्ल्ड कप जिंकले. पेले आणि तो दोघं मिळून खेळले त्यातली एकही मॅच ब्राझील हरलं नाही. बाईंना फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं, पण चेहरा सैल झाला.

मला मात्र तेव्हापासून दुसरंच डोक्यात घोळतंय. गारिंचा उजव्या बाजूनंच जाणार हे समोरच्या बचावपटूला, त्याच्या कोचला आणि स्टेडियमभर बसलेल्या लोकांना ठाऊक असायचं. तरी तो उजव्या बाजूनंच जायचा. म्हणजे युक्त्या दहा लागत नाहीत. एक पुरते, पण ती नेमकी कधी करायची ते कळलं पाहिजे. समोरच्याचं वजन एका पायावर पडलं, की त्या क्षणाला तो आडवा हलू शकत नाही. तेवढाच क्षण आपला. मोबाइलवर बघून आमची पोरं बॉलभोवती पाय फिरवायला शिकलेत, दिसायला झकास. पण समोरचा चार हात लांब असतानाच फिरवून घेतात, आणि तो जवळ आला की बॉल त्याच्याच पायात.

हे शिकवायला सरावात मांडतात ते प्लॅस्टिकचे कोन, म्हणजे शंकू, उपयोगाचे नाहीत. कोनाला वजन नसतं, तो फसत नाही. माणूस पाहिजे, पण अंगावर धावून येणारा नको, नाहीतर लहान पोरं भेदरतात. एका रेघेवर बांधलेला माणूस पाहिजे.

आट्यापाट्या.

शनिवार

फक्कीनं तीन पाट्या आखल्या. रुंदी आमच्या दहा पावलांची, दोन पाट्यांमध्ये पाच पावलं. मूळ खेळात नऊ पाट्या आणि मधून उभी सूरपाटी असते, पण आपल्याला एवढं काही नको. प्रत्येक पाटीवर एकजण. त्यानं पाटी सोडायची नाही, तिच्यावरच डावी-उजवीकडं सरकायचं. बाकीच्यांनी एकेक करून बॉल घेऊन तिन्ही पाट्या पार करायच्या. पाटीवाल्याचा पाय बॉलला लागला की अदलाबदल.

पहिल्या फेरीला सगळ्यांनी अपेक्षेप्रमाणं तेच केलं. बॉल पुढं ढकलला आणि मागनं पळाले. म्हणून नियम जोडला, की पाटी ओलांडली की पुढच्या चौकात बॉल तळव्याखाली थांबलाच पाहिजे, नाहीतर ओलांडणं धरायचं नाही. मग खेळ बदलला.

सगळ्यात बघण्यासारखा होता तो खानापूरकडून मामाच्या गावी राहायला आलेला बारका. अंगानं काडी, कुणाशी बोलत नाही. तो पाटीसमोर येऊन उभा राहिला. नुसता उभा. बॉल उजव्या पायाखाली. समोरचा पाटीवाला चौथीतला, दांडगा, पाटीवर उड्या मारतोय. बारक्यानं डावा खांदा एवढासा खाली टाकला. पाटीवाला त्या बाजूला झेपावला, त्याच्या उजव्या पायावर वजन. यानं पायाच्या बाहेरच्या बाजूनं बॉल हलकेच उजवीकडं टोचला आणि चालत, अक्षरशः चालत पलीकडं गेला. तळव्यानं बॉल थांबवला. पुढच्या पाटीला पुन्हा तेच, तसंच. तिसऱ्या पाटीवर दुसरीतली मुलगी होती. ती फसलीच नाही, कारण ती त्याच्या खांद्याकडं बघतच नव्हती, बॉलकडं बघत होती. बॉल तिनं काढून घेतला. बारक्यानं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि पाटीवर जाऊन उभा राहिला.

त्यानंतर मी जवळजवळ काहीच बोललो नाही. सगळेच अडकायला लागले की पाटी दोन पावलं रुंद करायची, सगळेच सुटायला लागले की अरुंद करायची, एवढंच काम. शिट्टीसुद्धा खिशात ठेवली. खरं तर लहान पोरांच्या सरावात शिट्टी फार वाजते आपल्याकडं, आणि दर शिट्टीला बॉल थांबतो.

वाद झाला तो नियमावरून. पाटीवाल्यानं खाली बसून पाय लांब केला तर चालेल का? दोन तट पडले. एकजण म्हणाला, त्याच्या आज्ज्यानं सांगितलंय बसता येत नाही. दुसरा म्हणाला, तुझ्या आज्ज्याच्या वेळी बॉल होता काय? मराठीत सुरू झालेलं भांडण अर्ध्यात कन्नडमध्ये गेलं आणि तिथंच मिटलं. बसायचं नाही, वाकायला हरकत नाही.

भिंतीवरचे वडील आज "पास" म्हणून ओरडले नाहीत, कारण पास द्यायला कुणी नव्हतंच. त्याऐवजी "आता! आता!" म्हणत होते, दर वेळी अर्धा सेकंद उशिरा. पोरगं तेवढ्यात पार झालेलं असायचं.

जाताना निरोप आला, शेजारच्या गावच्या शाळेला दहा वर्षांखालच्या पोरांची मॅच पाहिजे, सात-सात जणांची, गोलकीपर ठेवून, ट्रॉफीसकट. मी रात्री फोन करून सांगितलं: चार-चार जण, गोलकीपर नाही, प्रत्येक बाजूला चपलांचे दोन बारके गोल, चार नंबरचा बॉल, एकाच वेळी मैदानावर दोन मॅचेस म्हणजे कुणी बसून राहणार नाही. ट्रॉफी ठेवायची तर ठेवा, नाहीतर त्या पैशाचे दोन बॉल घ्या. समोरचे सर म्हणाले, हेडमास्तरांना विचारून सांगतो, ट्रॉफी आधीच आणलीय. बघू. कळवतील सोमवारपर्यंत.