क्यूबेकचे लाल सभागृह

कॅनडातल्या क्यूबेक प्रांताची राजधानी असलेल्या क्यूबेक सिटीची तटबंदी आणि सेंट लॉरेन्स नदीचा काठ यांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मला मात्र या शहरात सर्वांत जास्त गुंतवून ठेवले ते संसद भवनातल्या लाल सभागृहाने, म्हणजे तिथल्या 'सालों रूज'ने. १८६७ मध्ये प्रांताबरोबरच जन्मलेली विधान परिषद, ही इमारत उभी राहिल्यापासून १९६८ पर्यंत, या दालनात भरत असे. परिषदेचे सभासद चोवीस, सगळे नेमलेले आणि तहहयात.

आमच्या गटातली बहुतेक मंडळी सोनेरी नक्षीचे आणि न्यू फ्रान्स या जुन्या फ्रेंच वसाहतीच्या सार्वभौम परिषदेच्या भव्य चित्राचे फोटो काढून लगेच पुढच्या दालनाकडे निघाली. ती घाई मला फार खटकली, कारण याच दालनाने क्यूबेकच्या मुलांचे मोठे नुकसान केले आहे. प्रांताचे पंतप्रधान फेलिक्स-गाब्रिएल मार्शाँ यांनी शिक्षणासाठी स्वतंत्र मंत्रालय स्थापन करण्याचे विधेयक आणले, लोकांनी निवडलेल्या विधानसभेने ते मंजूर केले, आणि १८९८ मध्ये या चोवीस जणांच्या परिषदेने ते फेटाळले. चर्चच्या वरिष्ठांचाही त्याला कडवा विरोध होता. शिक्षण मंत्रालय अखेर आले ते १९६४ मध्ये! सहासष्ट वर्षांत किती पिढ्या शाळेतून बाहेर पडल्या असतील, या विचाराने मी तिथेच रेंगाळलो.

१८७९ मध्ये तर या परिषदेने खर्चाची मंजुरीच रोखून धरली आणि परिषदच बरखास्त करू पाहणारे प्रांताचे पंतप्रधान जॉली यांचे सरकार त्या पेचात कोसळले. आपल्या महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ सदस्य आहेत, त्यांपैकी राज्यपालनियुक्त फक्त बारा, मुदत सहा वर्षांची. आणि साधे विधेयक तिला फार तर चार महिने अडवता येते, धन विधेयक तर चौदाच दिवस. या मर्यादांचे मोल मला क्यूबेकमध्ये उमगले.

मॅनिटोबाने आपली परिषद १८७६ मध्ये, नोव्हा स्कोशियाने १९२८ मध्ये मोडीत काढली. कॅनडात शेवटी उरली ती क्यूबेकचीच. कायद्याने परिषद रद्द करायची तर तिचीच संमती लागे, म्हणून झाँ-जाक बर्त्राँ यांच्या सरकारने सभासदांच्या निवृत्तिवेतनाची सोय करून त्यांचे मन वळवले, आणि १९६८ च्या शेवटच्या दिवशी परिषद संपली. त्याच वेळी विधानसभेचे नाव 'राष्ट्रीय सभा' झाले. लाल सभागृहात पुढे समित्यांच्या बैठका आणि शपथविधी होऊ लागले.