तानपुरा अखेर मध्ये आला!

घरच्या स्पीकरमधल्या ट्विटरना (वरच्या स्वरांच्या छोट्या स्पीकरना) वेव्हगाईड, म्हणजे आवाजाला दिशा देणारे कर्ण्यासारखे तोंड, बसले आणि जवारी, म्हणजे तारांची ती झणझणीत गुंज, जागेवर आली. काल रात्री ऐकताना अंगावर काटा आला.

माझी कसोटी अशी: मिरजेत वाद्यकारागिराच्या दुकानात एकाच माइकवर टिपलेला तानपुरा. रेकॉर्डिंग मोनो (दोन्ही स्पीकर-बॉक्सना एकच आवाज), म्हणजे तो दोन्ही बॉक्सच्या बरोबर मध्ये वाजतोय असं भासायला हवं. खर्ज मध्येच होता, पण जवारीची चमक डाव्या भिंतीकडे पसरायची. आमच्या सांगलीच्या हॉलची ती भिंत कोरी, उजवीकडे खिडकी आणि जाड पडदे. साहजिकच सगळ्यांनी त्या भिंतीवर फोम सुचवला. मला पटेना. नुसती भिंत कारण असती तर मधल्या पट्टीतले स्वरही सरकले असते.

म्हणून बॉक्स गच्चीवर नेला, फिरत्या पाटावर ठेवला आणि दर 15 अंशांवर आरईडब्ल्यू या आवाज मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये मोजला. समोरून ग्राफ सपाट. 60 अंशांवर मात्र अडीच किलोहर्ट्झपाशी खड्डा आणि साडेतीनला उंचवटा! अडीचला तरंगलांबी 14 सेंमीच्या आसपास, जवळपास साडेसहा इंची वूफरच्या (खालच्या स्वरांच्या मोठ्या स्पीकरच्या) कोनाएवढी, त्यामुळे तो आवाज समोरच गोळा करतो. 3 किलोहर्ट्झला क्रॉसओव्हर झाला, म्हणजे आवाज वूफरकडून ट्विटरकडे गेला, की त्याचा एक इंची डोम पुन्हा चौफेर फेकतो. भिंतीवर आपटतो तो हाच तिरका आवाज. थेट आवाजामागून तो 3 मिलिसेकंदांत येतो. कान त्याला वेगळा प्रतिध्वनी मानत नाही, पण आवाजाची प्रतिमा तिकडे पसरते. आणि जवारीची चमक नेमकी याच पट्टीत.

मिरजेच्याच खराद्याकडून सागवानी वेव्हगाईड करून घेतले, तोंडाचा व्यास वूफरएवढाच. काम इतकं सफाईदार की बोट फिरवलं तरी कुठे कड लागत नाही. डोमला खालच्या पट्टीत काही डेसिबल आयते मिळाले, म्हणून क्रॉसओव्हर 1.9 किलोहर्ट्झवर आणता आला. ट्विटर मागे सरकल्याने वूफरशी फेजही (लहरींची वेळ) जुळली. आता 60 अंशांचा ग्राफ हळूहळू उतरतो, कुठे उडी नाही.

एक सांगून ठेवतो: ऑनलाइन ‘मॅच्ड पेअर’ (तंतोतंत जुळणारी जोडी) म्हणून घेतलेल्या ट्विटरांत 2 डेसिबलचा फरक निघाला. असल्या जोडीवर मध्य कधीच ठरत नाही. हातात पडल्या पडल्या मोजा.

फोम नंतर लावणारच होतो, पण हे लिहिता लिहिता बेत बदलला. इंचभर फोम फक्त वरचे स्वर गिळेल आणि आत्ताच जुळलेला तोल बिघडेल. त्यापेक्षा बॉक्स आणखी आत वळवतो, त्यांचे अक्ष माझ्या खुर्चीच्या पुढे एकमेकांना छेदतील इतके. मग डावीकडे दिवाणावर बसणाऱ्या बाबांना डावा बॉक्स जवळ पण तिरका, उजवा लांब पण समोरासमोर. अंतराने गेलेला तोल आवाजाच्या पातळीने बराच भरून निघेल. वेव्हगाईडशिवाय हे जमलं नसतं, तिरकं ऐकलं की रंगच बदलायचा. रविवारी 30 अंशांपासून सुरुवात करून 45 पर्यंत जातो.