स्पायन कॉप डायोरामा, भाग ४: साडेपाच मिलिमीटरचा खंदक

स्पायन कॉप ही दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतातली टेकडी. बोअर युद्धात तिच्यावर ब्रिटिश आणि बोअर (तिथले डच वंशाचे वसाहतकरी) यांची लढाई झाली, तिचाच हा छोट्या मॉडेलचा देखावा. त्यातला तिसरा खंदकही फसला, पण या वेळी कारण सापडलं आणि चौथा जमला. त्यामुळे फिगर्सचं (सैनिकांच्या छोट्या मूर्तींचं) रंगकाम पुढच्या भागावर ढकलून आज फक्त खंदक.

आकडे पुन्हा एकदा. २३ जानेवारी १९००च्या रात्री ब्रिटिश जनरल वुडगेटची साधारण १,७०० माणसं टेकडीवर चढली. त्यांच्याकडे २० कुदळी आणि २० फावडी होती, वाळूच्या पिशव्या खालीच राहिल्या होत्या. माथ्यावर मातीचा पातळ थर, त्याखाली खडक. खणून खणून खंदक जेमतेम ४० सेंटिमीटर खोल झाला. १/७२ स्केलमध्ये, म्हणजे मूळच्या ७२व्या हिश्शात, तो होतो ५.६ मि.मी. सगळी गोम या आकड्यात आहे.

पहिला खंदक १५ मि.मी. खोल कोरला होता. म्हणजे प्रत्यक्षात मीटरभराहून जास्त, आणि दिसायला पहिल्या महायुद्धातला, १९१६च्या फ्रान्समधला खोल खंदक. दुसरा बरोबर ५.६ कोरला, पण तळाशी दीड मि.मी. टेक्सचर पेस्ट (मातीसारखा दिसणारा लेप) बसली, त्यावर फिगरचा स्वतःचा १.२ मि.मी.चा बेस आला. उरले २.९. म्हणजे माणूस २१ सेंटिमीटरच्या चरात झोपलेला! तिसऱ्या वेळी हिशेब करून जास्त खोल कोरला, तर एक्सपीएसचा (बेसच्या कडक फोमचा) तळ वरखाली झाला. या स्केलला अर्ध्या मि.मी.ची चूक म्हणजे साडेतीन सेंटिमीटर. शिवाय वरच्या जमिनीवर पेस्ट लावली की काठही वर चढतो, हे तिन्ही वेळा हिशेबात धरलंच नव्हतं.

उपाय सोपा निघाला. कोरायचंच नाही. ५ मि.मी.चा सनबोर्ड (पीव्हीसी फोमचा बोर्ड) घ्यायचा, खंदकाचा आकार त्यातून आरपार कापायचा आणि तो एक्सपीएसच्या सपाट शीटवर चिकटवायचा. वर १.६ मि.मी. पेस्ट, तळाला १ मि.मी. पाच अधिक १.६ वजा १, झाले ५.६. व्हर्नियर कॅलिपरचा खोली मोजायचा दांडा दर चार सेंटिमीटरवर टेकवून पाहिला, कुठेही ०.२ पेक्षा जास्त फरक नाही. हा आकडा बघून जे समाधान वाटलं, ते अख्खी पलटण रंगवूनही मिळत नाही.

चिकटवताना जपा. दोन्ही शीट हवा न जाणाऱ्या, त्यामुळे मध्ये लावलेला फेविकॉल आठवडाभर ओलाच राहतो. फेविबाँडसारखा सॉल्व्हंटवाला गम सनबोर्डला चालतो, पण एक्सपीएस खातो. म्हणून ॲराल्डाइटच, पातळ थर, वर वजन आणि रात्रभर विश्रांती. प्राइमरचा स्प्रेही उघड्या एक्सपीएसवर थेट मारू नका, आधी त्यावर ॲक्रिलिकचे दोन हात ब्रशने द्या.

सनबोर्डची कड सुरीने कापल्यासारखी दिसते. कटर तिरका धरून ती कुरतडा आणि एम-सीलच्या छोट्या गोळ्या ओल्या बोटाने दाबत काठ ढासळल्यासारखा करा. खंदकाची वळणं कुठून घ्यायची, हा प्रश्न मागच्या भागात आला होता. लढाईनंतर ब्रिटिश मृतांना त्याच खंदकात पुरलं. पांढऱ्या दगडांची ती लांब कबर आजही माथ्यावर आहे, तिचीच रेषा उचला.

खंदकासमोरच्या दगडी बांधासाठी दगड विकत घेऊ नका. तिथला माथा डोलेराइटचा आणि आपला सह्याद्री बेसॉल्टचा. जात एकच, फक्त डोलेराइट जमिनीखाली थिजलेला. बांधकामावरची मूठभर क्रश सँड पुरते. चाळून २ ते ५ मि.मी.चे खडे वेगळे करा आणि तीन पाण्यांनी धुवा. भुकटी राहिली तर गोंद भुकटीला धरतो, दगड सुटा राहतो आणि महिन्याभरात अख्खी रांग पापुद्र्यासारखी निघते. एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, असं मिश्रण ड्रॉपरने सोडा. साबण नसेल तर थेंब दगडावरच गोळा होऊन बसतो. दगड काळेच ठेवू नका, वर तांबूस तपकिरी वॉश (पाणीदार रंगाचा हात) हवा.

गवत हिरवंच. जानेवारी म्हणजे नाताळ प्रांतात भर पावसाळी उन्हाळा, तरी निम्मे डायोरामे वाळक्या पिवळ्या गवताचे दिसतात. २ मि.मी.चं स्टॅटिक ग्रास (मॉडेलसाठीचं नकली गवत) मागवलं होतं, पाकिटात ४ निघालं. ते इथे माणसाच्या पोटरीपर्यंत जातं. कात्रीने छाटलं की टोकं बोथट दिसतात, म्हणून परत केलं.

फिगर्सचे बेस आता पूर्ण कापायचे, गुडघ्यावर बसलेल्या पोझ बाद. गुडघ्यावरचा माणूस १६ मि.मी. उंच, त्याचा दोन तृतीयांश भाग काठाबाहेर येतो. झोपलेलेच हवेत. लँकशायर फ्युझिलिअर्स या ब्रिटिश पलटणीच्या हेल्मेटवर पिवळा तुरा रंगवू नका, तो मान त्यांना या लढाईनंतर मिळाला.

आता मांडणीत बदल. खंदक बेसच्या पुढच्या कडेला, दरी दिसेल असा ठेवायचं ठरलं होतं. ते रद्द. खंदक कड्याच्या बराच मागे पडला होता, म्हणून तर पुढचा उतार ब्रिटिशांना दिसत नव्हता आणि बोअर त्याच्या आडून जवळ आले. सकाळी धुकं वर गेल्यावर ते कळलं. तेव्हा पुढे सपाट जमीनच हवी, दरी नको. उजवीकडची ॲलो नॉल ही छोटी टेकडी सुमारे ४०० यार्डांवर, म्हणजे १/७२ मध्ये पाच मीटर लांब. ती बेसवर येणारच नाही. तिथून बोअरांच्या माउझर रायफलींच्या गोळ्या खंदकाच्या लांबीने येत होत्या आणि समोरचा बांध त्याला काहीच करू शकत नव्हता. हे दाखवायला उजव्या टोकाच्या फिगर्सची डोकी डावीकडे वळवून, अंग दगडांच्या ढिगाला चिकटवून ठेवणार आहे. दारूगोळ्याचा धूर अजिबात नको, दोन्हीकडची काडतुसं बिनधुराची होती.

हे लिहितानाच दुसरा बेस सुचला: टेकडीच्या पायथ्याची वाट आणि गांधीजींच्या भारतीय रुग्णवाहिका पथकाचे डोलीवाले. सुमारे १,१०० माणसांच्या या पथकाने जखमी वुडगेटलाही वाहून नेलं होतं. या फिगर्स तयार मिळत नाहीत. ब्रिटिश स्ट्रेचरवाल्यांचे हेल्मेट छाटून, एम-सीलने डोकी पुन्हा घडवून, दंडावर लाल क्रॉसची पट्टी द्यावी लागेल. १५ × १० सेंटिमीटरचा तुकडा कापून ठेवलाय. पहिलं डोकं आज रात्री घडवायला घेतो.