झाकण बदलूनही दिवा जात नाही तेव्हा: जुन्या सिल्व्हराडोतली वाफेची गळती

१९९९ ते २००६ या काळातला शेव्हरोले सिल्व्हराडो हा पिकअप ट्रक दारात असेल, तर डॅशबोर्डवरचा चेक इंजिन दिवा लागून पी-०४४२ किंवा पी-०४५५ हा पेट्रोलच्या वाफेच्या गळतीचा कोड आज ना उद्या येणारच. कोड आला की आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण बदलायचं, हे ठीकच आहे. पण दिवा पुन्हा लागला की लोक अंदाजपंचे सुटे भाग आणत सुटतात: आधी पर्ज व्हॉल्व्ह, मग व्हेंट व्हॉल्व्ह, मग कोळशाचा कॅनिस्टर. खिशाला भलतीच चाट बसते, आणि गळती असते टाकीच्या गंजलेल्या नळीत. म्हणून आधी तपासा, पैसे नंतर खर्च करा.

टाकीतली वाफ कॅनिस्टरमधल्या कोळशात साठते आणि इंजिन ती पर्ज व्हॉल्व्हमधून ओढून जाळतं. ताजी हवा व्हेंट व्हॉल्व्हमधून आत येते. वीज नसताना पर्ज बंद असतो आणि व्हेंट उघडा, एवढं डोक्यात पक्कं बसवा. चाचणीच्या वेळी संगणक व्हेंट बंद करतो, पर्ज उघडतो आणि टाकीत निर्वात तयार होऊन टिकतो का ते पाहतो.

पी-०४४२ म्हणजे साधारण ०.०४० इंचाचं, म्हणजे १ मिलिमीटरचं भोक. पी-०४५५ म्हणजे मोठी गळती. पण व्हेंट उघडा अडकला किंवा पर्ज उघडलाच नाही, तरीही हाच कोड येतो. पी-०४४६ला भोक शोधू नका, तिथे व्हेंटचा मार्ग तुंबलेला असतो. पेट्रोल भरताना पंप सारखा टक्‌कन बंद पडतो ही त्याची खूण. या ट्रकमध्ये व्हेंट व्हॉल्व्ह खाली चेसिसजवळ, धूळ-चिखलाच्या वाटेतच बसवलेला आहे. तो उंचावर फिल्टरसह बसवायचं किट मिळतं. कच्च्या रस्त्यावरच्या गाडीला तेच लावावं. पी-०४४९ हा विजेचा दोष आहे; कनेक्टर उघडला की बहुतेकदा हिरवट पडलेल्या पिना दिसतात.

पर्ज तपासायला स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडायचं यंत्र, लागत नाही. इंजिन थंड असताना सुरू करा, कॅनिस्टरकडून येणारी नळी पर्जवरून काढा आणि व्हॉल्व्हच्या उघड्या तोंडावर बोट धरा. विजेचा कनेक्टर काढल्यावरही बोट ओढलं जात असेल, तर व्हॉल्व्ह गळतोय. टाकी भरल्यावर गाडी लवकर सुरू होत नसेल तर संशय त्याच्यावरच. काढलेला व्हॉल्व्ह पांढऱ्या कागदावर आपटून बघा. काळे दाणे पडले तर कॅनिस्टर आतून फुटलाय. तोही बदला आणि मधली नळी साफ करा, नाहीतर नवा व्हॉल्व्ह काही दिवसांतच अडकेल. पंप थांबल्यावरही टाकी काठोकाठ भरत राहिलं की कोळसा पेट्रोलने भिजतो आणि कॅनिस्टर खराब होतो.

खरी गळती सापडते ती धुराच्या यंत्राने. इंजिनजवळ हिरव्या टोपीचं सर्व्हिस पोर्ट असतं. आतल्या छोट्या व्हॉल्व्हचे आटे उलटे आहेत, तो सोडवताना घड्याळाच्या दिशेने फिरवा. स्कॅनरने व्हेंट बंद करा, टाकीचं झाकण उघडं ठेवून त्या पोर्टमधून धूर सोडा, तोंडातून धूर येताना दिसला की झाकण लावा आणि १० मिनिटं थांबा. दाब अर्ध्या पीएसआयच्या वर नेऊ नका. कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच नको, टाकीचा सेन्सर आणि सील फाटतात. जवळपास ठिणगी नको. उजेडाला एलईडी टॉर्च घ्या, तोही तिरपा धरा. मग धुराची सुतासारखी रेघ वर चढताना दिसते.

अमेरिकेतल्या ओहायो, मिशिगन, न्यूयॉर्ककडे, जिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तिथे आधी फिलर नेक, म्हणजे पेट्रोल भरायची नळी, बघा. झाकणाचं रबर ज्या काठावर बसतं, त्यावरून नख फिरवा. खवले किंवा खड्डे लागले, तर कितीही नवं झाकण लावा, सील बसणार नाही. नेक धड असेल तर टाकीच्या माथ्यावरची, गाडीच्या इंधन-पंपाची रिंग आणि तिथल्या लोखंडी नळ्या पाहा. त्यासाठी टाकी उतरवायची गरज नाही. नेकचे स्क्रू आणि मागच्या दिव्यांची वायर सोडा, मागच्या हौद्याचे एका बाजूचे बोल्ट काढा, दुसऱ्या बाजूचे सैल करा, हौदा तिरपा उचला आणि खाली जाड लाकडी ठोकळे द्या. नुसत्या जॅकवर विसंबून खाली हात घालू नका.

दुरुस्तीनंतर कोड पुसला की मॉनिटर, म्हणजे संगणकाच्या स्वतःच्या चाचण्यांच्या नोंदी, कोरे होतात. संगणक वाफेच्या गळतीची चाचणी पुन्हा घेतो ती गाडी रात्रभर थंड राहिल्यावर, टाकी १५ ते ८५ टक्क्यांच्या मध्ये असताना आणि साधारण ४ ते ३० अंश सेल्सियसमध्येच. त्यामुळे भर उन्हाळ्यात आठवडाभर चालवूनही काही होत नाही, यात गाडीचा दोष नाही. न्यू जर्सीत गाडीची सरकारी प्रदूषण-तपासणी जवळ आली असेल तर एवढं धरून चाला: दिवा लागलेला असेल तर गाडी नापास होते, पण २००१ आणि नंतरच्या मॉडेलला एक मॉनिटर अपूर्ण असला तरी चालतो. तेव्हा बाकीचे मॉनिटर पूर्ण होईपर्यंत चालवा आणि मगच रांगेत लावा.