आमच्या नाल्याचे साडेतीन पूल

आमच्या गावात पत्ता विचारला की वॉर्ड नंबर वगैरे कोणी सांगत नाही, आधी एवढंच, नाल्याच्या अल्याड की पल्याड, मग घर सापडतंच. कारंजा-दारव्हा पट्ट्यातलं गाव आहे. मोबाईलच्या मॅपवर नाला म्हणजे एक बारीक निळी रेघ, तिला नाव नाही. गावात मात्र त्याला तीन नावं. वर शिवारात ज्याच्या वावरातून जाईल त्याचा नाला, मधात महादेवाचा नाला आणि गाव सुटलं की मसणवटीचा नाला. पाणी तेच. म्हणजे असलं तर, कारण दिवाळीनंतर त्यात बेशरम आणि गाजरगवतच जास्त.

पूल मोजून साडेतीन. अर्ध्यापासून सुरू करतो. पांधण जिथं नाल्यात उतरते तिथं विजेचा एक मोडका सिमेंटचा खांब आडवा टाकलाय, कोणी टाकला ते कोणी कबूल करत नाही. एका टोकाला त्याच्या सळया बाहेर आल्यात, तिथं पाय जपून. कापसाचं गाठोडं डोक्यावर घेतलेल्या बाया त्यावरून बोलत बोलत जातात आणि मी आपला बसून, सरकत सरकत. काकू पलीकडून म्हणते, "उठ गा, खांब काई पयून नाई चालला!"

मग येतो रपटा. गावाचा खरा पूल हाच. चार सिमेंटचे पाइप, वर काँक्रीट, संपलं. रपटा हा बुडायसाठीच बांधलेला असतो हे बाहेरच्यांना पटत नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पहिला पाऊस गटागटा पिऊन घेते, मग फुगते, भेगा मिटतात आणि पुढचं बहुतेक पाणी वरच्यावर धावत नाल्यात, त्यामुळे नाला तासाभरात चढतो आणि संध्याकाळपर्यंत उतरतो पण. तेवढं थांबायचं, चहा प्यायचा, मग जायचं. पण मधात कोणाच्या तरी डोक्यात आलं की धोका आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडे लावले. झालं! पुरात आलेल्या पऱ्हाट्या, तुराट्या, पन्न्या, एक अख्खी बाभळीची फांदी, सगळं कठड्यात अडकलं, रपट्याचा बंधारा झाला आणि पाणी मागं फिरून पल्याडच्या घरांत शिरलं. पुढच्या पुरात कठडेच वाहून गेले. दोन बुडखं उरलीत, त्यांना आता म्हशी बांधतात.

शहाणपणा मीपण केलाय. पाणी घोट्याएवढंच दिसतं म्हणून गाडी घातली, मधात सायलेन्सरमध्ये पाणी गेलं, गाडी बंद. दोन्ही काठांवर निम्मं गाव उभं, कारण पूर पाहणं हा आमच्याकडं रीतसर कार्यक्रम असतो. मी किक मारायला लागलो तर एकजण ओरडला, "ढकल बे, किक नको मारू, इंजिन पानी पिते!" ढकलली.

तिसरा पूल मोठ्या रस्त्यावरचा, उंच, रुंद, त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. एसटीत बसलेल्याला खाली नाला आहे हेपण कळत नाही.

चौथा, म्हणजे साडेतिनावा म्हणा, शकुंतला रेल्वेचा. मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेज, वऱ्हाडचा कापूस न्यायला टाकलेली लाईन, १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली, मग डिझेल आलं, आता काही वर्षांपासून बंदच आहे. रुळात तरोटा उगवलाय पण खालची दगडी कमान अजून टणक आहे. तिच्या सावलीत एक डोह आहे, नाला सुकला तरी तिथं फाल्गुनापर्यंत पाणी राहतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल इथंच धुवायचे, आता जास्त करून ट्रॅक्टर धुतात, त्यालाही हळद-कुंकू लागतं म्हणा.

हीच लाईन धरून मूर्तिजापूरकडं गेलं की मधात कुठंतरी पाणी उलटं फिरतं. तिकडचा पाऊस पूर्णेत, पूर्णेतून तापीत, अरबी समुद्रात. आमचा नाला अडाण नदीत, मग पैनगंगा, वर्धा, प्राणहिता, गोदावरी, थेट बंगालच्या उपसागरात. हे मला दहावीत कळलं आणि पहिली आठवली ती माझी चप्पल. चौथीत असताना रपट्यावरून वाहून गेली होती, डाव्या पायाची, निळ्या पट्ट्याची. आजी म्हणाली होती, "गेली अडाणात, आता नाई येत." आईनं तरी उजवी वर्षभर माळ्यावर ठेवली होती, सापडली तर म्हणून.