तुम्ही विचारलंत म्हणून: आधी हिलरी की तेनसिंग?

एव्हरेस्टवर बोलायला कुठेही गेलो, शाळेत असो की एखाद्या सोसायटीच्या गच्चीवर, शेवटी हा प्रश्न येतोच: “खरं सांगा, 1953 साली एव्हरेस्टच्या माथ्यावर पहिलं पाऊल कुणाचं, एडमंड हिलरींचं की तेनसिंग नोर्गेंचं?” विचारणाऱ्याला बहुतेक वेळा ‘तेनसिंग’ असं ऐकायचं असतं, हे त्याच्या चेहऱ्यावरच दिसतं.

तर उत्तर: हिलरी. आणि हे सांगितलंय खुद्द तेनसिंग नोर्गे यांनी, 1955 साली आलेल्या आत्मकथनात. हिलरी पुढे, मी मागे, मध्ये जेमतेम 6 फूट मोकळा दोर. प्रकरण तिथेच मिटायला हवं होतं.

ते मिटलं नाही, कारण 1953 साली तो प्रश्न डोंगराचा राहिलाच नव्हता. मोहीम खाली आली तेव्हा काठमांडूत तेनसिंग शिखरावर उभे राहून आडव्या पडलेल्या हिलरींना दोराने वर ओढताहेत, अशी चित्रं मिरवली जात होती! नेपाळ म्हणे तेनसिंग आमचे, भारत म्हणे आमचे, आणि मोहीम ब्रिटिशांची. शेवटी दोघांनी ‘जवळपास एकत्रच पोचलो’ अशा निवेदनावर सह्या करून वेळ मारून नेली. मला विचाराल तर त्या निवेदनाने संशय वाढलाच.

सह्याद्रीतल्या कड्यांवर दोराने चढलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. लीड एकाने केलं, म्हणजे पुढे एकजण चढला, तरी चढाई दोघांची असते, कारण पुढचा निसटला तर त्याला धरायचं मागच्याने. याच मोहिमेत खुंबूच्या हिमप्रपातात, म्हणजे एव्हरेस्टच्या वाटेवरच्या तुटक्या हिमनदीच्या उतारावर, हिलरींच्या पायाखालचा बर्फ तुटला आणि ते भेगेत गेले, तेव्हा दोर रोखून धरला तेनसिंगनी. ही जोडी जमली त्यात त्या घटनेचा मोठा वाटा होता. शिवाय तेनसिंग आदल्याच वर्षी स्विस मोहिमेत रेमों लांबेरबरोबर साधारण 8,600 मीटरपर्यंत जाऊन आले होते. वरच्या त्या भागात हिलरी तोवर गेलेही नव्हते.

29 मेची सकाळ बघा. तंबू 27,900 फुटांवर, थंडी उणे 27 अंश. तेनसिंग बूट घालूनच झोपलेले. हिलरींनी रात्री काढून ठेवलेले बूट दगडासारखे कडक झालेले. स्टोव्हवर धरून ते मऊ करण्यात दोन तास गेले. साडेसहाला निघाले, साडेअकराला माथ्यावर.

आणि तो तंबू तिथे आला कसा, हे मात्र कुणी विचारत नाही. 26 तारखेला मोहिमेचा नेता जॉन हंट आणि शेर्पा दा नामग्याल यांनी वर सामान नेऊन ठेवलं होतं. त्याच दिवशी मोहिमेतली दुसरी जोडी, बुर्डिलन आणि इव्हान्स, माथ्याच्या थोडं अलीकडच्या दक्षिण शिखरापर्यंत जाऊन परतली. 28 तारखेला ओझी वाहायला नेमलेल्या तीन शेर्पांपैकी दोघे आजारी पडले, उरला एकटा अंग न्यिमा. त्याने, मोहिमेतल्याच लोव आणि ग्रेगरीने, शिवाय हिलरी-तेनसिंगनी स्वतः, सगळं पाठीवर घेतलं. वाटेत हंटनी ठेवलेलं सामानही वाटून घेतलं. तंबूच्या जागेपाशी ओझी टाकून अंग न्यिमा, लोव आणि ग्रेगरी तसेच खाली उतरले.

यावर हमखास पुढचा प्रश्न: मग शिखरावर हिलरींचा फोटो का नाही? कॅमेरा हिलरींकडे होता. बर्फकुऱ्हाडीला झेंडे बांधून उभे असलेले तेनसिंग त्यांनी टिपले. हिलरींचं म्हणणं, तेनसिंगना कॅमेरा चालवता येत नव्हता आणि ती शिकवायची जागा नव्हे. तेनसिंगचं म्हणणं, तुमचाही काढतो अशी खूण मी केली, पण त्यांनी मान हलवली. खोटं दोघांपैकी कुणीच बोलत नसावं. हातवाऱ्यांवर चाललेला संवाद, वर होते जेमतेम पंधरा मिनिटं, आणि ऑक्सिजन परतीपुरता पुरवायचा होता. एवढ्यात एका खुणेचे दोन अर्थ निघाले तर त्यात नवल ते काय?